मागच्या पानावरच्या चार ओळी

आमच्या घरात पुस्तकं मोजकी आणि पत्रकं फार. पप्पा पाळक होते, त्यामुळे सुवार्तेची पत्रकं गठ्ठ्यांनी यायची. गुलाबी, पिवळी, पोपटी, चार पानी, आठ पानी, कुठल्यातरी लांबच्या छापखान्यातून सुतळीत बांधून आलेली. वाटून उरलेली पत्रकं फेकायची नाहीत, हा घरचा नियम होता. देवाचं नाव असलेला कागद मम्मी चपात्यांखाली घालायची नाही, पण ओल आलेल्या भिंतीला चिकटवायला तिला तो चालायचा. त्यामुळे माझ्या पलंगाशेजारची भिंत ‘पापी माणसा, थांब!’ असं सांगत असायची आणि मी त्या भिंतीला टेकून गृहपाठ करायचे. दुसऱ्या तऱ्हेची पत्रकं नानांची. नाना म्हणजे मम्मीचे वडील. ते नाशिकरोडच्या एका छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि मालक जेवायला गेला की स्वतःची पत्रकं जुळवायचे. ते वारले तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्यांची एक पत्र्याची पेटी आमच्याकडे आली आणि दोन वर्षांत मी तिच्यातला प्रत्येक कागद मागच्या ओट्यावर उभी राहून, मोठ्याने, हातवारे करत वाचून काढला.

नानांचे वडील गावाच्या कडेला उभे राहून जोहार घालायचे आणि शिळ्या भाकरीसाठी हात पुढे करायचे. एके दिवशी त्यांनी हात मागे घेतला, गाव सोडलं आणि बाप्तिस्मा घेतला. आमच्या कुळाची गोष्ट इथून सुरू होते, त्याच्या आधीचं आम्ही सांगत नाही. नानांच्या सगळ्या पत्रकांचा सूर हाच होता. त्यातलं एक वाक्य त्यांनी जाड टाइपात, चौकटीत छापलं होतं: हात पसरायचा तो वेदीपाशी, माणसापुढे नाही. बाकी घरांत मुलांनी शिवी दिली की तोंडावर चापट बसते. आमच्याकडे ‘लाचार’ हा शब्द शिवीच्या वरचा होता. शेजारच्या मुलीकडे मी एकदा खोडरबर दोनदा मागितला, तर मम्मी म्हणाली, “एकदा मागणं म्हणजे मागणं. दुसऱ्यांदा लाचारी.”

चर्चच्या मागे पाळकनिवास होता, कौलारू, तीन खोल्यांचा. पहाटे कावळे, मग दूधवाल्याची मोटारसायकल, मग पप्पांचा घसा साफ करण्याचा आवाज, आणि मग त्यांची प्रार्थना. ती ते हळू करायचे, पण त्यांचा हळू आवाजसुद्धा स्वयंपाकघरापर्यंत यायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण, म्हणजे प्रभुभोजन असायचं. त्याच्या आदल्या दिवशी मम्मी काळ्या मनुका धुऊन मोठ्या पातेल्यात उकळायला ठेवायची. त्याचा रस हाच आमच्या मंडळीचा द्राक्षारस. पातेलं अडकलेलं असायचं म्हणून त्या दिवशी जेवायला खिचडी. गाळून उरलेला मनुकांचा चोथा ती रव्यात घालून शिरा करायची. तो शिरा मला इतका आवडायचा की प्रभुभोजन हा सण शिऱ्यामुळे आहे असं मला बरेच दिवस वाटत होतं. रस बाटलीत भरला की पप्पा तिच्यावर हात ठेवून क्षणभर उभे राहायचे. मम्मी म्हणायची, “अहो, गरम आहे अजून, भाजेल.” ते म्हणायचे, “भाजू दे.”

त्यांचा हात बिघडला हे आम्हाला आधी कानांनी कळलं. बशीवर कप वाजायला लागला. सकाळच्या चहाला एक बारीक किणकिण सुरू झाली आणि ती कप रिकामा होईपर्यंत थांबेना. मम्मीने दुसऱ्या दिवसापासून त्यांना स्टीलच्या पेल्यात चहा द्यायला सुरुवात केली, बशीशिवाय. मग ते चालताना उजवा हात खिशात ठेवू लागले. मग त्यांचं अक्षर बारीक झालं. पाळकाचं अक्षर सगळी मंडळी ओळखते, कारण बाप्तिस्म्याच्या नि लग्नाच्या दाखल्यांवर तेच असतं. पप्पांचं अक्षर टपोरं होतं. आता ओळ सुरू व्हायची ती बरी, आणि शेवटाला जाईपर्यंत मुंगीएवढी. कॉलेजरोडच्या एका डॉक्टरांनी त्यांना खोलीत चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली आणि सांगितलं, कंपवात आहे. गोळ्यांनी थोडं थांबेल, जाणार नाही. आवाजही हळूहळू बसेल. परतताना रिक्षात पप्पा म्हणाले, “नाताळपर्यंत कोणाला सांगायचं नाही.” मम्मीने मान हलवली. मीही हलवली. मी एकोणीस वर्षांची होते आणि गुप्तता म्हणजे शौर्य असं मला वाटत होतं.

नाताळपर्यंत काही निभलं नाही. इतर चर्चमध्ये आता लहान लहान काचेचे ग्लास असतात, तबकात मांडलेले. आमच्याकडे एकच प्याला होता, जुना, जड, दोन हातांनी धरायचा. लोक वेदीपुढे गुडघे टेकायचे आणि पाळक एकेकाच्या ओठांशी प्याला न्यायचे. पावसाळा सरल्यावरच्या एका प्रभुभोजनाला पप्पा सुनंदा टीचरपाशी आले. निवृत्त मुख्याध्यापिका, पांढऱ्या साडीशिवाय आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. प्याला त्यांच्या हनुवटीला लागला, पप्पांनी तो मागे घ्यायला पाहिला आणि तेवढ्यात हात उडाला. खांद्यापासून मांडीपर्यंत जांभळा डाग. टीचरांनी डोळे उघडलेसुद्धा नाहीत. पदराची घडी डागावर घेतली, ‘आमेन’ म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. पण मागच्या बाकांवर श्वास आत ओढल्याचा जो आवाज झाला, तो मी पेटीपाशी बसून ऐकला. तेव्हा मी उपासनेत पेटी वाजवायचे.

उपासनेनंतर मागच्या नळावर चहाच्या किटल्या धुवायला दोन बाया उभ्या होत्या. भिंतीच्या अलीकडे मी होते.

“हात बघितला का? सकाळी दहाला ही गत.”

“अगं, पाळकीणबाई एवढा रस उकळतात तो जातो कुठं? आंबवत असतील घरी.”

“मग काय, साहेबांचं रोजच प्रभुभोजन!”

दोघी हसल्या. वाईट हसल्या असंही नाही. माणसं कंटाळा घालवायला हसतात तसं. पण आठवडाभरात ते हसू मंडळीभर फिरलं. पप्पांना बघून लोक थोडं जवळ यायला लागले. वास घ्यायला.

मी दोन दिवस खोलीत बसून पत्रक लिहिलं. ‘जिभांनो, ऐका!’ असं नाव दिलं. दोनशे प्रती झेरॉक्स करून रविवारी फाटकाशी वाटायच्या असं ठरवलं. त्यात मी कोणालाही सोडलं नव्हतं. नळावरच्या बायांपासून चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचसभेपर्यंत सगळ्यांना ओळीने उभं केलं होतं, आणि शेवटी नानांचं चौकटीतलं वाक्य टाकलं होतं. पप्पांनी ते पूर्ण वाचलं. कागद त्यांच्या हातात फडफडत होता म्हणून त्यांनी तो टेबलावर ठेवून, वर डबा ठेवून वाचला.

“भाषा झकास आहे,” ते म्हणाले. “नानांची आठवण झाली. पण यात मी कुठे आहे?”

“तुमच्यासाठीच तर लिहिलंय, पप्पा.”

“माझ्यासाठी आहे. पण यात जो आहे तो कोणीतरी शूर माणूस आहे, छळलेला. मी आजारी माणूस आहे, करुणा. मी लपवलं म्हणून लोक बोलले. त्यांनी दुसरं काय समजायचं?”

“म्हणजे चूक तुमची?”

“थोडी.” मग हसून म्हणाले, “जाळू नको. भिंतीला लाव. माझ्या बाजूला ओल आहे.”

त्याच आठवड्यात मनोहर अंकल आले. मनोहर भालेराव पंचसभेचे चिटणीस. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, उंच, आवाज असा की शेजारच्या घरातल्यालाही आपल्याशीच बोलतायत असं वाटावं. त्यांनी मम्मीच्या हातचा चहा घेतला, कप बशीवर अगदी जपून ठेवला आणि म्हणाले, “पाळकसाहेब, मला आडवळणाने बोलता येत नाही. मंडळी बोलतेय. माझा विश्वास नाही. पण पुढच्या रविवारी पंच बसणार आहेत, आणि मला त्यांच्यापुढे काहीतरी ठेवावं लागेल. घेत असाल तर तसं सांगा. नसाल तर हे काय आहे ते सांगा.”

पप्पांनी खिशातून हात काढला आणि टेबलावर ठेवला. तो तिथे स्वतःच्या मर्जीने हलत राहिला. अंकल त्याच्याकडे बघत राहिले.

“हे,” पप्पा म्हणाले. “पंचांना नका सांगू. मी मंडळीलाच सांगतो, रविवारी. मग पंच बसू देत.”

“सांगा साहेब. जे असेल ते सांगा.” उठताना अंकलनी पप्पांच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि मग तसाच खाली घेतला. तो अर्धवट उचललेला हात तेव्हा मला उर्मट वाटला होता.

आवाज बसला होता. माइक अगदी ओठांशी धरला तरी पप्पांचं बोलणं तिसऱ्या बाकापुढे जात नव्हतं. म्हणून त्यांनी लिहून काढायचं ठरवलं, आणि वाचायला मला सांगितलं. “पत्रकं वाचून वाचून तुझा आवाज तयार झालाय. तो वापरू एकदा.” शनिवारी दिवसभर ते टेबलापाशी होते. दुपारी उन्हं ओट्यावरून उतरली तेव्हा त्यांनी मला कागद दिला. एकच कागद, पुढे-मागे लिहिलेला. पुढच्या बाजूला आजाराचं नाव, तो कधी कळला, लपवला याबद्दल क्षमा, सुनंदा टीचरांची नाव घेऊन क्षमा. मागच्या बाजूला चारच ओळी होत्या. मला त्या आजही तोंडपाठ आहेत:

मला थांबवू नका.
प्याला मला आता एकट्याने धरता येत नाही.
तुमच्यापैकी कोणीतरी माझ्या हाताखाली हात धरा.
मी तुमच्याकडे हे मागतो आहे.

मी म्हणाले, “पप्पा, ‘मागतो’?”

“मग काय लिहू?”

“‘अपेक्षा करतो’ लिहा. नाहीतर ‘सुचवतो’.”

“सुचवतो!” ते मनापासून हसले. “विहिरीत पडलेला माणूस सुचवतो का गं?”

“पण ही लाचारी आहे. त्यांनी तुम्हाला दारुडा म्हटलं, आणि तुम्ही त्यांच्याचपुढे हात पसरताय. नाना असते तर…”

“नाना असते तर रागावले असते,” ते म्हणाले. “पण बाळा, पोटासाठी नको ते करावं लागणं म्हणजे लाचारी. नानांच्या वडिलांना भाकरी नको होती, भूक होती म्हणून हात पुढे होता. मला हे हवंय. मला त्या वेदीपाशी उभं राहायचंय, दुसरं काही येत नाही मला.”

मग त्यांनी पेठची गोष्ट सांगितली. लग्नाआधी ते पेठकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावर सेवेला होते. भात आणि नागली पिकवणारी पंधरा-वीस घरं, आणि कुडाच्या भिंतींचं देऊळ, म्हणजे चर्चच. पहिल्याच प्रभुभोजनाला त्यांना ताप भरला होता. उभं राहवेना. तर पुढे बसलेला एक म्हातारा उठला, त्यांच्या मागे आला आणि दोन्ही कोपरांखाली हात देऊन उभा राहिला. “तू बोल ना, पाळक. मी धरलाय तुला. नाय पडत तू.” सगळी उपासना तो तसाच उभा. नंतर कोणी त्याचं कौतुक केलं नाही आणि कोणी पप्पांची कीवही केली नाही. माणूस पडतोय, धरला. जेवायला बसले तेव्हा तो म्हातारा एवढंच म्हणाला, “लय तापला व्हतास रं.”

“ती मंडळी मला इथे हवी होती,” पप्पा म्हणाले. “पण मी इथे आल्यावर कधी आजारी पडलोच नाही. पडलो तर दिसू दिलं नाही. लीनतेवर तीस वर्षं उपदेश केला, करुणा. उभा राहून, मोठ्या आवाजात. ती काय असते ते मला माहीत नव्हतं, आणि आताही नीट माहीत नाही. फक्त एवढं कळतंय की ती मागितल्याशिवाय येत नसावी.”

मी कागदाची घडी घातली. त्यांना वाटलं, मला पटलं. म्हणाले, “जसं लिहिलंय तसं वाचशील ना?”

मी हो म्हणाले.

रविवारी चर्च भरलेलं होतं. एरवी नाताळलाच येणारे लोकही आले होते. काय ऐकायला मिळणार हे सगळ्यांना कुठूनतरी कळलं होतं. पप्पा वेदीच्या बाजूच्या खुर्चीवर बसले. मी माइकपाशी गेले आणि वाचायला लागले. पहिल्या वाक्यालाच माझा आवाज लागला. आजाराचं नाव आलं तेव्हा बाकांवर हालचाल झाली. सुनंदा टीचरांचं नाव आलं तेव्हा त्यांनी रुमाल काढला. नळावरच्या दोघी माझ्या समोरच, चौथ्या बाकावर होत्या. त्यांतली एक खाली बघत होती आणि दुसरी रडत होती, आणि मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता असा विजय मिळत होता. मी पान उलटलं.

त्या चार ओळी समोर होत्या. अक्षर बारीक होतं, पण मला ते एका नजरेत दिसलं. मी डोकं वर केलं. सगळे वर बघत होते, हरलेले, पश्चात्तापाने मऊ झालेले, आणि मला वाटलं, आता यांच्यापुढे हात पसरायचा? आत्ता? माझ्या छातीत नाना उभे राहिले, नानांचे वडील उभे राहिले, गावाच्या कडेला, हात पुढे केलेले. मी कागदाकडे बघत, जणू तिथे लिहिलेलंच आहे अशा स्वरात, म्हणाले, “यापुढे हा प्याला समर्थ हातांत जावा. मंडळीचा निर्णय मी ताठ मानेने स्वीकारीन.”

सगळ्या चर्चने ‘आमेन’ म्हटलं. एवढं मोठं ‘आमेन’ मी त्या इमारतीत पुन्हा ऐकलं नाही. मी पप्पांकडे बघितलं. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर हलत होता. त्यांनी डावा हात त्याच्यावर ठेवला, लहान मुलाला गप्प करावं तसा, आणि मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, ते प्रार्थना करतायत.

संडेस्कूलच्या खोलीत पंच दहा मिनिटं बसले. आभाराचा ठराव झाला. पुढच्या महिन्यापासून नाशिकरोडचे एक तरुण पाळक तात्पुरते प्रभुभोजन द्यायला येतील असं ठरलं. पप्पांना शाल घातली. लोक रांगेने येऊन त्यांचा हात हातात घेत होते, हलणारा हात, आणि आता तो धरायला कोणी कचरत नव्हतं. “साहेब, काय शब्द होते!” असं म्हणत होते. मला म्हणत होते, “बेटा, वाचलंस असं की काळीज हाललं.” मी थँक्यू म्हणत होते.

घरी मम्मीने मटण केलं होतं. पप्पांनी रश्श्यात भाकरी कुस्करली. बराच वेळ ते चमच्याशी झटापट करत राहिले. मम्मी माझ्याकडे बघत नव्हती. तिने आदल्या दिवशी तो कागद वाचला होता. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. स्वाभिमानाची, इतिहासाची, नानांची. पप्पांनी विचारलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडले असते तर कदाचित हरलेही असते.

ते म्हणाले, “मागचं अक्षर लागलं नसेल तुला.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ना टोमणा, ना राग. त्यांनी मला बाहेर पडायला एक दार उघडून दिलं होतं आणि स्वतः ते धरून उभे होते.

“हो,” मी म्हणाले. “नाही लागलं.”

“बारीकच झालंय अगदी. शाईपण फिकी होती.” आणि त्यांनी मम्मीला अजून थोडा रस्सा वाढायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मम्मीकडून एक दुरेघी वही मागवली, पहिलीतल्या पोरांची असते तशी. रोज सकाळी प्रार्थनेनंतर ते टेबलापाशी बसून अक्षर गिरवू लागले. अ, आ. मग स्वतःचं नाव. मग सबंध वाक्यं. ओळीच्या सुरुवातीला अक्षरं दोन रेघांना टेकायची, आणि शेवटाकडे जाता जाता खाली, खाली, बारीक होत जायची. ते पान उलटून पुन्हा सुरू करायचे. माझं खोटं खरं व्हावं म्हणून माझा बाप रोज तासभर मेहनत घेत होता, आणि मी समोर बसून चहात बिस्किट बुडवत होते. मी नंतर वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहिलं. धरणाखाली गेलेल्या वाड्यांवर लिहिलं, ऊसतोडीच्या बायांवर लिहिलं, आणि लोकांनी मला निर्भीड म्हटलं. त्या टेबलावर बसून मला एक वाक्य बोलता आलं नव्हतं. आता पप्पा अंथरुणाला आहेत. बोलणं जवळजवळ गेलंय. त्यांना भरवताना मी एका हाताने त्यांची हनुवटी धरते. माझ्या आठवणींच्या पुस्तकातलं हे प्रकरण त्यांना वाचून दाखवायचं असं ठरवून मी लिहायला बसले होते. मम्मी म्हणते, त्यांना ऐकू सगळं येतं.

तर त्या हिवाळ्यातलं उरलेलं सांगते. नाताळ झाला. तरुण पाळक तीनदा येऊन प्रभुभोजन देऊन गेले. मम्मी रस उकळत राहिली, पप्पा बाटलीवर हात ठेवत राहिले, आणि रविवारी ते पहिल्या बाकावर बसून, बाकीच्यांसारखे गुडघे टेकून, दुसऱ्याच्या हातून प्यायले. जानेवारीतल्या एका दुपारी मनोहर अंकल बाप्तिस्म्याचं रजिस्टर द्यायला आले. पप्पा आत वही लिहीत होते. अंकल फाटकाशीच थांबले, रजिस्टर माझ्या हातात दिलं आणि जायला वळून पुन्हा थांबले.

“बेटा, एक विचारू? साहेबांना आमचा राग आला का?”

“नाही अंकल. का?”

“नाही, एवढ्या तडकाफडकी सोडलं म्हणून.” त्यांनी आवाज कमी करायचा प्रयत्न केला, तो त्यांना जमत नव्हता. “त्या दिवशी टेबलावर हात बघितला ना त्यांचा, तेव्हाच मी ठरवलं होतं. म्हटलं, साहेब रविवारी म्हणाले की मी उभा राहतो त्यांच्या बाजूला. घरी आमच्या हिच्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या दिला, म्हटलं हलव हात. आणि मनगट धरून घरभर फिरलो. चारपाच दिवस. ही म्हणते, वेड लागलंय का म्हातारपणी. एक थेंब सांडू दिला नाही शेवटी.” ते हसले. मग हसू गेलं. “पंचांमधले दोघं तयार होते. पण साहेबांनी पत्रात लिहिलं, समर्थ हातांत द्या. ताठ मानेने, असं. मग आपण काय बोलणार? न मागता माणसाचा हात कसा धरायचा? त्यांचा अपमान झाला असता.”

मी रजिस्टर छातीशी धरून उभी होते.

“हरकत नाही,” ते म्हणाले. “मोठा माणूस आहे. माझा सलाम सांग.”

मी आत गेले. तरुण पाळक तात्पुरतेच होते. पंचसभा पुढच्या रविवारी पुन्हा बसणार होती. अंकल अजून फाटकाबाहेर होते. सगळं अजून होऊ शकत होतं, आणि त्यासाठी एकच वाक्य लागत होतं.

पप्पांनी मान वर केली. “कोण होतं गं?”

“मनोहर अंकल. रजिस्टर दिलंय.”

“काय म्हणत होते एवढं? इथपर्यंत आवाज येत होता.”

म्हणजे किती ऐकू आलं होतं, ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, वाट बघत होते, पेन हातात हलत होतं.

“सलाम सांगितलाय,” मी म्हणाले.

त्यांनी मान पुन्हा वहीत घातली. “माझाही सांग त्यांना,” पप्पा म्हणाले.

मी पळत बाहेर गेले. खरंच पळत गेले, चप्पल न घालता, आणि पळताना मला खात्री होती की आता मी सांगणार. अंकल स्कूटरला किक मारत होते. मी ओरडले, “अंकल!” ते थांबले, त्यांनी गाडी बंद केली आणि कान पुढे केला.

“काय गं बेटा?”

माझे हात रिकामे होते, आणि ते कुठे ठेवायचे मला कळेना. मी ते पाठीमागे नेले.

“पप्पांनी सलाम सांगितलाय.”

“एवढ्यासाठी अनवाणी पळत आलीस?”

“हो,” मी म्हणाले. “एवढंच.”